आवाज चालू असताना

"आता कुणी हात लावायचा नाही," श्रेणिक म्हणाला आणि त्यानं आपली खुर्ची मागं ओढली. "माऊसला नाही, कीबोर्डला नाही. टेबलालाही धक्का नको."

आम्ही तिघं हात मांडीवर ठेवून कॉम्प्युटरकडं बघत बसलो. स्पीकरमधून रेहानाचा आवाज येत होता.

"नदीकाठच्या सर्व ग्रामस्थांना तातडीची सूचना. धरणातून पाण्याचा विसर्ग वाढवला आहे. खालची गल्ली, कोळीवाडा आणि ओढ्यापलीकडचा मळा इथल्या सर्वांनी सामान न आवरता ताबडतोब हायस्कूलवर यावं. जनावरांची दावी सोडून द्यावीत. मी रेहाना मुजावर, काठवाणी रेडिओ."

सूचना संपायची, श्वासभर शांतता व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. रेहाना माझ्या शेजारीच बसली होती. स्वतःचा आवाज ती ऐकत होती असंही म्हणता येणार नाही. तिची नजर टेबलाच्या कडेवर होती आणि चेहरा कुणीतरी पुसून ठेवल्यासारखा कोरा.

दुपारची वेळ होती. प्रक्षेपक बंद ठेवला होता, त्यामुळं ते शब्द खोलीबाहेर कुठंच जात नव्हते. उघड्या खिडकीतून ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. पूर ओसरून पंधरवडा झाला होता. गावात अजून घराघरांतून चिखल निघत होता आणि माणसं एकमेकांशी फार बोलत नव्हती. कुणी भेटलं तर "किती चढलं होतं?" एवढंच विचारायचं, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेकडं बघायचं आणि पुढं व्हायचं.

काठवाणी हे आमचं छोटंसं रेडिओ केंद्र. नदीकाठच्या दहाबारा गावांत ऐकू जाईल एवढाच त्याचा जीव. सोसायटीच्या जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, माळाच्या टोकाला होतं, म्हणून ते वाचलं. हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर मी तिथं केंद्रप्रमुख झाले होते. श्रेणिक बिरनाळे माझाच विद्यार्थी, आता तालुक्याला तंत्रनिकेतनात शिकवायचा आणि आमची यंत्रं आपली समजून सांभाळायचा. रेहाना आमची निवेदिका. तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पंचक्रोशीत आता ते रेहानाचे वडील म्हणून ओळखले जायचे.

"किती वेळ बसायचं?" मी विचारलं.

"अर्धा तास, मॅडम. या बाजूला झोपेची वेळ अर्धा तास लावलीय. तेवढ्यात झोपला तर कळलंच."

या बाजूला म्हणजे विंडोजच्या. आमच्या त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन बिऱ्हाडं होती. सुरू करताना तो विचारायचा, कुठल्या घरात जायचं? एक विंडोज, कारण आमचा जुना मराठी फॉन्ट आणि पत्रकं छापायचं सॉफ्टवेअर तिथंच चालायचं. दुसरं लिनक्स, तिथून कार्यक्रम लावले जायचे. श्रेणिकचा दंडक होता की प्रसारण कायम लिनक्सवरूनच करायचं. विंडोजला हात लावला नाही तर तो अर्ध्या तासानं झोपी जातो, लिनक्सची झोप मी मुळातूनच बंद करून टाकलीय, असं त्यानं आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं होतं.

आणि त्या दिवशी कॉम्प्युटर झोपला होता.

त्या दिवशी सकाळी पाणी अजून घाटाच्या खालीच होतं. जेवणाच्या सुमाराला तहसीलमधून फोन आला, वरून विसर्ग वाढतोय, काठ रिकामा करा. रेहानानं लगेच सूचना रेकॉर्ड केली. हायस्कूलवर लावायला तिनं पत्रकंही टाइप केली, कुठल्या वर्गात कोणत्या गल्लीनं उतरायचं त्याची. मग सूचना सारखी वाजत राहील अशी लावून आम्ही सगळेच शाळेवर पळालो, कारण खालच्या गल्लीतली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन यायला लागली होती. शाळेच्या किल्ल्या, पाणी, म्हाताऱ्यांना जिन्यावरून वर चढवणं. रेडिओ ऐकायला त्या दिवशी कुणाला वेळ होता?

अंधारून येताना मी बॅटरी न्यायला केंद्रावर आले. खोलीत शुकशुकाट होता. पडदा काळा, आणि खालचा बारीक दिवा मंद मंद उघडझाप करत होता. मी बोट लावलं. यंत्रात घरघर झाली आणि मधूनच आवाज आला, "...वरांची दावी सोडून द्यावीत. मी रेहाना मुजावर..." जणू वाक्य अर्धवट टाकून कुणी पाणी प्यायला गेलं होतं. किती वेळ केंद्र मुकं होतं हे तेव्हा मला कळलं नाही. नंतर लोकांना विचारून विचारून हिशेब लागला. दुपारी आम्ही बाहेर पडल्यावर लवकरच ते बंद पडलं होतं.

गावात पोलिसांची जीप भोंगा लावून फिरली होती. फोन होते. तिथली माणसं निघाली. पण जीप ओढ्यापलीकडं जाऊ शकली नाही. मळ्यातली बाकीची कुटुंबंही एकमेकांना हाका मारून निघाली. फक्त राजाक्का राहिल्या.

राजाक्का आमच्या रेडिओवर ओव्या म्हणायच्या. दर आठवड्याला त्यांचा कार्यक्रम असायचा. रेहानाच मळ्यात जाऊन त्यांचा आवाज टिपून आणायची. त्यांच्या गोठ्यातल्या मेढीच्या खांबाला एक रेडिओ टांगलेला असायचा आणि तो दिवसभर चालू. त्या दुपारी सूचना वाजली तेवढा वेळ त्या वैरणीला उसात गेल्या होत्या, परतल्या तेव्हा रेडिओ मुका झालेला. शेजारच्या बाईनं निघताना हाक मारली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "व्हा तुमी फुडं. रेडू सांगंल तवा निगते." शेजारणीनंच हे नंतर शाळेत सांगितलं, ओरडून नाही, रडूनही नाही. चहाचा कप हातात धरून सांगितलं. अंधार पडेपर्यंत ओढा चढून वाट बंद झाली होती, रात्रीत पाणी मळ्यावर आलं. राजाक्कांनी म्हशी सोडल्या होत्या. म्हशी पोहत निघाल्या आणि वाचल्या. राजाक्का तिसऱ्या दिवशी उसात सापडल्या.

"मॅडम," श्रेणिकनं खुणेनं दाखवलं.

पडदा काळा झाला होता.  पण आवाज चालूच राहिला. सामान न आवरता. ताबडतोब. हायस्कूलवर.

"हा नुसता पडदा मिटलाय," तो हळू म्हणाला. "यंत्र जागं आहे. झोप अजून यायचीय."

त्याला ही परीक्षा घ्यायला मीच बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. आमचे अध्यक्ष नलवडे अण्णा माणूस वाईट नव्हता, पण गावाला काहीतरी सांगावं लागतं असं त्यांचं म्हणणं. पूर ओसरल्यावर त्यांनी रेहानाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तू पत्रकं टाइप करत होतीस, म्हणजे विंडोजवर होतीस. सूचना तिथूनच लावलीस ना? दुसऱ्या बाजूला न जाता?" रेहाना म्हणाली, "हो." बस. तेवढंच. त्या दिवसापासून ती केंद्रावर आली नव्हती. आज मी दोनदा घरी माणूस पाठवला तेव्हा आली.

आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मी येऊन काय करू मॅडम? मी सांगितलंय की."

"बसून राहा," मी म्हटलं. "तुझ्यासमोर होऊ दे."

मलाही नीट माहीत नव्हतं मी तिला का बोलावलं. शिक्षा ऐकवायची तर तोंडावर ऐकवावी, असं काहीतरी डोक्यात असावं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत डोक्यात फारसं काही नसायचंच. मी उठायचे, चिखल काढायचे, जेवायचे. राजाक्का गेल्या हे मला माहीत होतं, जसं एखाद्या गावाचं नाव माहीत असतं तसं.

अर्धा तास उलटला. आवाज थांबला नाही.

श्रेणिकनं घड्याळाकडं बघितलं, मग पुन्हा बघितलं. आणखी थोडा वेळ गेला. स्पीकरमधली रेहाना आपली पहिल्यापासून सूचना देतच होती.

"झोपत कसा नाही हा?" तो पुटपुटला. शेवटी त्यानं माऊस हलवला. सेटिंग उघडून बघितली. वेळ अर्धा तासच होती. मग त्यानं एक काळी चौकट उघडून काहीतरी टाइप केलं. उत्तरादाखल दोनतीन ओळी आल्या. तो त्या ओळींकडं गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, आवाज चालू आहे." श्रेणिकनं वळून माझ्याकडं बघितलं नाही. "साउंड कार्डातनं आवाज जात असला की विंडोज यंत्राला झोपू देत नाही, मॅडम. हे मला... हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नुसती टाइप करून सोडली असती मशीन, तर झोपली असती. पण सूचना वाजत असताना नाही झोपणार. कितीही वेळ ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणजे रेहानानं इथून लावली असती, तर रात्रभर वाजली असती."

आम्ही दोघांनी रेहानाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मग ती लिनक्सच्या बाजूला होती," श्रेणिक म्हणाला. हे तो आम्हाला नाही, स्वतःला सांगत होता. "आणि त्या बाजूची झोप मी बंद केलेली आहे. मी स्वतः केलेली आहे."

त्यानं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, लिनक्समध्ये गेला. तीच सूचना तशीच लावली. मघासारखी खुर्ची मागं ओढली. यावेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. तो मात्र बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

"नदीकाठच्या सर्व ग्रामस्थांना..."

जिन्यावर पावलं वाजली. दारात एक माणूस येऊन थांबला. तिशी ओलांडलेला, अंगावर कारखान्यातला निळा शर्ट, डोक्यावर नुकते फुटलेले केस. मी त्याला ओळखलं नाही. रेहाना मात्र उभी राहिली, तेव्हा मला कळलं हा कोण ते. राजाक्कांचा भरमा. शिरोलीला फाउंड्रीत होता. हायवे पाण्याखाली गेल्यानं त्याला आईपर्यंत पोचता आलं नव्हतं. प्रेत सापडल्यावर आला होता.

तो दाराच्या चौकटीला हात लावून ऐकत राहिला. सूचना संपली. पुन्हा सुरू झाली. ओढ्यापलीकडचा मळा, हे शब्द आले तेव्हा त्यानं चौकटीवरचा हात काढला.

मी घाईनं म्हटलं, "श्रेणिक, बंद कर ते."

"नगा," भरमा म्हणाला. "हेच व्हय ते? त्या दिवशीचं?"

"हो."

"आत्ता रेडूवर लागलंय?"

"नाही. रेडिओ बंद आहे. हे इथल्या इथं. आम्ही तपासतोय, त्या दिवशी काय झालं ते."

तो आत आला. मी त्याला स्टूल दिलं, त्यावर तो टेकला नाही. "मी आईच्या ओव्या न्यायला आलोय," तो म्हणाला. "तुमच्याकडं असतील म्हटलं. घरात तिचा एक फोटू व्हता, त्यो बी गेला पाण्यात. आवाज तरी असंल." आणि मग स्पीकरकडं बघून, "लई खणखणीत सांगितलंय."

रेहाना उभीच होती. 

"बसा भाऊ," श्रेणिक म्हणाला. "हे जरा होऊ दे. मग देतो ओव्या."

भरमा खाली फरशीवरच बसला, भिंतीला पाठ लावून. आता आम्ही चौघं होतो. खिडकीबाहेर कुणीतरी भिजलेली गादी काठीनं बडवत होतं, धप्प, धप्प.  सूचना कितीदा झाली ते मी मोजलं नाही. कान बधिर झाले होते. शब्दांचे नुसते उंचवटे ऐकू येत होते, अर्थ सांडून गेला होता. माझ्या मनात एवढंच होतं, आता या माणसासमोर काही होऊ नये. काही झालं नाही, तरी पुढचं काय ते मला सुचत नव्हतं.

पडदा मिटला. श्रेणिक भिंतीपासून सुटा झाला.

"खालची गल्ली, कोळीवाडा आणि ओढ्याप..."

आणि शांतता.

यंत्राचा पंखा थांबला. खालचा बारीक दिवा मंद उघडझाप करायला लागला. बाहेर गादी बडवणंही नेमकं तेव्हाच थांबलं असावं, कारण मला काहीच ऐकू येईना.

भरमानं विचारलं, "लाइट गेली?"

"नाही," श्रेणिक म्हणाला.  "झोपला."

"कोण?"

"कॉम्प्युटर. कुणी हात लावला नाही की झोपतो. झोपला की आवाज बंद."

भरमानं हे नीट ऐकून घेतलं. शाळेत मागच्या बाकावरचं पोर अवघड गणित जसं ऐकतं, तसं. "म्हंजे त्या दिवशी असंच झालं?"

"असंच."

श्रेणिक टेबलापाशी गेला, पण त्यानं यंत्राला हात लावला नाही. उभ्या उभ्याच बोलायला लागला. "लिनक्सची झोप मी बंद केली होती. सुरुवातीला. मग जूनमध्ये मी त्याची नवी आवृत्ती टाकली. त्यात जुनी सेटिंग गेली असणार. पुन्हा बघायला पाहिजे होतं मी. एरवी इथं कायम कुणीतरी बसलेलं असतं, माऊस हलत असतो, म्हणून दोन महिने कुणाला कळलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा खोली रिकामी राहिली." तो रेहानाकडं वळला. "तू बरोबर केलं होतंस. पत्रकं छापलीस, मशीन बंद करून लिनक्सवर आणलीस, मग सूचना लावलीस. मी शिकवलं होतं तसंच. मग अण्णांना हो का म्हणालीस?"

"त्यांनी विचारलं," रेहाना म्हणाली.

"अगं, पण..."

"मला आठवत नव्हतं सर. कुठल्या बाजूला होतं, काय होतं. कुणीतरी विचारलं तूच ना, मी हो म्हटलं." ती खाली बसली. "त्यानं काय फरक पडतोय?"

"फरक पडतो," मी म्हटलं. "उद्या बैठकीत..."

"मॅडम, मी राजाक्कांना सांगितलं होतं." ती भरमाकडं बघत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच कुणाकडं तरी बघत होती. "सकाळी फोन केला होता तुमच्या आईनं मला. विचारत होत्या, निघू का गं पोरी? गाभण म्हैस आहे, उगाच चिखलात कशाला काढू? मी म्हटलं, आत्ता नको आक्का. अजून वेळ आहे. निघायची वेळ झाली की मी सांगते. रेडिओ लावून बसा, मी स्वतः सांगेन. माझा आवाज आला की निघा."

भरमानं मान वर केली.

"त्या रेडिओची वाट बघत नव्हत्या," रेहाना म्हणाली. "माझी बघत होत्या. मग शाळेत एवढी गडबड झाली, मी पुन्हा फोन केला नाही. मला वाटलं, सूचना चालू आहे. मी बोलतेच आहे."

एवढं सगळं तिनं एका सुरात सांगितलं, बाजारभाव वाचून दाखवावेत तसं. श्रेणिक तिच्याकडं बघत राहिला. तो थोड्या वेळापूर्वी आपली चूक कबूल करून मोकळा झाला होता. आता ती चूक कुठं ठेवावी हे त्याला कळत नसावं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्यांच्यात सर्वांत मोठी. पण आयुष्यभर वर्गात बोलून बोलून शिकलेले शब्द तेव्हा एकही वर आले नाहीत.

बोलला भरमा. "ताई, ती म्हशीपायी बसली असंल. आमची आई तुमाला ठावं न्हाई. तिला जनावर सोडून जायाचं म्हटलं की जिवावर यायचं. रेडू बोलला असता तरी ती लगीच उठली नसती."

"उठल्या असत्या," रेहाना म्हणाली.

"आता कुणी सांगावं ते?"

"तुम्ही सांगा." तिनं आवाज चढवला नाही. "सगळे मला असंच म्हणतायत. अब्बा म्हणतात, अम्मी म्हणते. लिहिलेलं होतं, जायची वेळ आली होती. तुम्ही त्यांचा मुलगा. तुम्ही खरं सांगा. माझा आवाज आला असता तर त्या उठल्या असत्या की नाही?"

भरमानं मान खाली घातली. हाताचे पंजे उलटेसुलटे करून बघितले. भट्टीत काम करणाऱ्या माणसाचे हात होते, जागोजागी भाजलेल्या खुणा. मला वाटलं तो उठून जाईल. गेला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं.

"व्हय," तो म्हणाला. "उठली असती."

रेहानानं मान हलवली. एकदाच. मग ओढणीचं टोक तोंडात धरून ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे. मग आवाज आला. आम्ही कुणी तिच्याजवळ गेलो नाही. भरमा बसला होता तिथंच बसून राहिला आणि त्याच्याही गालांवरून पाणी उतरत होतं, पण त्यानं ते पुसलं नाही, जसं काही ते दुसऱ्याचं होतं.

बऱ्याच वेळानं रेहाना उठली. तिनंच यंत्राला हात लावला. पडदा उजळला आणि सूचना जिथं तुटली होती तिथून सुरू व्हायच्या आत तिनं ती बंद केली. मग ओव्यांचा संग्रह काढला. भरमाच्या मोबाइलला ती वायर जोडायला लागली, तर त्यानं दुसऱ्या बाजूनं मोबाइल धरला.

"एक लावू का?" तिनं विचारलं.

"हितं नगं," भरमा म्हणाला. "घरी. म्हशींची धार काढताना लावतो. त्यांना बी सवय हाय त्या आवाजाची."

जाताना त्यानं मला नमस्कार केला, श्रेणिकला केला. रेहानापाशी घुटमळला. "गाभण व्हती ती व्याली परवा," तो म्हणाला. "रेडी झालीय." आणि जिना उतरून गेला.

श्रेणिकनं संध्याकाळपर्यंत बसून दोन्ही बाजूंची झोप मारली. विंडोजची वेगळी, लिनक्सची वेगळी, आणि त्याच्याही खाली यंत्राच्या मुळात एक असते तीही. पुन्हा पुन्हा तपासलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यानं उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता यात कुणाला काय म्हणायचं?" आणि पुढचा विषय घेतला, गोदामाच्या जिन्याला रेलिंग बसवण्याचा. मी रागावायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही. रेलिंगला मी हात वर करून पाठिंबा दिला.

रेहाना कामावर परतली. तिचं बोलणं कमी झालं. राजाक्कांच्या कार्यक्रमाची वेळ आम्ही मोकळी ठेवली, मग काही महिन्यांनी तिथं शेतीविषयक कार्यक्रम आला. माझं बधिरपण केव्हा उतरलं ते सांगता येणार नाही. एकदा भाजी निवडताना मी अचानक रडले आणि कशासाठी ते मला कळायला वेळ लागला.

दोन वर्षांनी पुन्हा पाणी चढलं. तहसीलमधून फोन आला तेव्हा श्रेणिक केंद्रावरच होता. तो म्हणाला, "सूचना रेकॉर्ड करून लावू. आता नाही झोपणार, मी खात्री देतो." रेहानानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं माईक ओढून घेतला आणि थेट बोलायला लागली. गल्लीचं नाव घ्यायची, वाडीचं नाव घ्यायची, घरांची नावं घ्यायची. पाणी प्यायला थांबायची तेव्हा म्हणायची, "मी पाणी पितेय, इथंच आहे." शाळेवर बाकीचे गेले, ती जागची हलली नाही. मी तिच्या शेजारी बसून होते. घसा बसत चालला तशी ती सावकाश बोलू लागली, पण थांबली नाही.

दुपारनंतर केंद्राचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडं पावसाचा आवाज होता, म्हशींच्या खुरांचा चिखलातला आवाज होता.

"मळ्यातनं भरमा बोलतोय," तो ओरडून म्हणाला. आईमागं त्यानं फाउंड्री सोडली होती, मळ्यातच राहायला आला होता. "ताईस्नी सांगा, आवाज आला. आमी निघालोय."

मी रेहानाला सांगितलं. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि माईककडं वळून पुढच्या वाडीचं नाव घेतलं.